सोसायटीच्या ईमेल ग्रुपवर थ्रेड लॉक करताना: आधी काय, मग काय

मार्चमधली गोष्ट. सिंहगड रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या ईमेल ग्रुपवर टँकरच्या बिलावरून थ्रेड, म्हणजे एकाच विषयावरच्या मेल-उत्तरांची साखळी, पेटला होता. ४७ मेल झाल्यावर सेक्रेटरींनी रात्री साडेअकराला थ्रेड लॉक केला, म्हणजे त्यात नवीन उत्तरं घेणं बंद केलं, आणि ते झोपले. सकाळी सातला त्याच विषयाचे चार थ्रेड तयार: ‘टँकर बिल’, ‘टँकर बिल (पुन्हा)’, ‘सभासदांचा आवाज का दाबला?’ आणि चौथ्याला विषयच नाही. शिवाय पंधरा-वीस जणांची चर्चा ग्रुपला वगळून थेट एकमेकांच्या इनबॉक्समध्ये सुरू झाली होती, आणि त्यात कमिटीतलं कोणीच नव्हतं.

कुलूप लागलं होतं व्यवस्थित. गडबड क्रमात होती. आमच्याकडे आणि ओळखीच्या आणखी दोन सोसायट्यांत ग्रुप सांभाळायचं काम माझ्या गळ्यात आहे आणि तिन्हीकडे हीच चूक मी पाहिली आहे. लॉकचं बटण शेवटी दाबायचं असतं, लोक ते सगळ्यात आधी दाबतात. म्हणून हे सगळं टप्प्याटप्प्याने लिहितो. उदाहरणं गूगल ग्रुप्सची आहेत, कारण बहुतेक सोसायट्या तेच वापरतात. दुसरी सेवा असेल तिथे काय वेगळं, ते त्या त्या जागी सांगतो.

## सुरुवातीला: कुलूप नक्की कशाला लागतं?

हे समजलं नाही तर पुढचं सगळं व्यर्थ आहे, म्हणून इथे जरा थांबू.

ईमेल ग्रुपचा थ्रेड दोन जागी असतो. एक प्रत ग्रुपच्या सर्व्हरवर, म्हणजे ग्रुपचं पान उघडल्यावर दिसते ती. दुसरी प्रत प्रत्येक सभासदाच्या इनबॉक्समध्ये. २०० सभासद असतील तर त्या थ्रेडच्या २०० प्रती आधीच वाटून झालेल्या असतात. कुलूप लागतं फक्त पहिल्या प्रतीला. ग्रुपचा सर्व्हर त्या थ्रेडमध्ये नवीन उत्तर घ्यायचं बंद करतो, एवढंच. सभासदाच्या इनबॉक्समधला मेल तसाच राहतो, त्याखालचं ‘रिप्लाय’चं बटण तसंच राहतं आणि दाबलं तर चालतंही. थ्रेड लॉक झालाय हे बिचाऱ्या जीमेलला माहीतच नसतं.

मग उत्तर कोणत्या थ्रेडचं, हे सर्व्हर कसं ओळखतो? एकदा डोळ्यांनी बघा. कॉम्प्युटरवर जीमेल उघडा, ग्रुपवरचं कुठलंही उत्तर उघडा, उजवीकडच्या तीन टिंबांवर जा आणि ‘शो ओरिजिनल’ निवडा. अक्षरांचं जंगल दिसेल, घाबरू नका. त्यात तीन ओळी शोधायच्या. ‘मेसेज-आयडी’ हा त्या मेलचा स्वतःचा क्रमांक. ‘इन-रिप्लाय-टू’ म्हणजे हे ज्या मेलला उत्तर आहे त्याचा क्रमांक. ‘रेफरन्सेस’ म्हणजे त्याआधीच्या मेलांचे क्रमांक, ओळीने, वंशावळीसारखे. या ओळी आणि विषयाची ओळ, या दोन्हींच्या आधारे मेल थ्रेडमध्ये गुंफले जातात.

कुलूप याच साखळीला लागतं. साखळी तुटली की मेल नव्या थ्रेडचा झाला, आणि नव्या थ्रेडला कुलूप नसतं. ती तुटायला फार काही करावं लागत नाही:

विषयाची ओळ बदलली. जीमेल तर विषय बदलला की सरळ नवी चर्चा मानतं.

उत्तर न देता कोणी नवा मेल लिहिला. वयस्कर मंडळींपैकी बरेच जण ‘रिप्लाय’ वापरतच नाहीत. ग्रुपचा पत्ता टाकायचा आणि नव्याने लिहायचं, ही त्यांची पद्धत.

कोणी डायजेस्टला उत्तर दिलं. डायजेस्टमध्ये जास्तीत जास्त २५ मेल एकत्र बांधून येतात आणि त्याला दिलेल्या उत्तरावर डायजेस्टचाच विषय चढतो. कोणत्या थ्रेडबद्दल बोलणं चाललंय, हे लिहिणाऱ्याखेरीज कोणालाच कळत नाही.

आणि चौथी वाट ग्रुपच्या बाहेरून जाते. थ्रेडमध्ये कोणी मध्येच दहा जणांना सीसीत टाकलेलं असतं. ‘रिप्लाय ऑल’ केलं की मेल ग्रुपलाही जातो आणि त्या दहा जणांनाही थेट जातो. ग्रुपने नाकारला तरी दहा जणांना पोचलेला असतो.

पाचवी वाट व्हॉट्सॲप. तिथे एकेका विषयाला कुलूप घालताच येत नाही. ‘फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात’ असं करता येतं, पण ते अख्ख्या ग्रुपला लागू होतं. त्याबद्दल इथे एवढंच.

तपासा: पुढे जायच्या आधी हा थ्रेड उघडून प्रत्येक मेलची ‘टू’ आणि ‘सीसी’ची ओळ पाहा. ग्रुपच्या पत्त्याखेरीज वैयक्तिक पत्ते दिसले तर नावं कागदावर उतरवून ठेवा. चौथ्या टप्प्यात लागतील.

## टप्पा १: कुलूपच हवंय का, हे ठरवा

लॉक करायची मागणी बहुतेक वेळा एका वाक्यात येते: “अहो, बंद करा ते, फोन सारखा वाजतोय.” हा कुलपाचा प्रश्नच नव्हे. अशांना जीमेलमधलं ‘म्यूट’ दाखवा. थ्रेड म्यूट केला की त्यातली पुढची उत्तरं इनबॉक्समध्ये डोकावत नाहीत आणि बाकीच्यांची चर्चा चालू राहते. आमच्याकडे आलेल्या निम्म्याहून जास्त तक्रारी एवढ्यावरच मिटल्या.

एकच सभासद भांडत असेल तरी थ्रेड लॉक करू नका. त्या एकाचे मेल मॉडरेशनमध्ये टाका, म्हणजे ते आधी तुमच्यापुढे येतील आणि तुम्ही मंजूर केल्यावर ग्रुपला जातील. एकामुळे दोनशे जणांचं तोंड बंद करणं बरं नव्हे, आणि तो एक नवा थ्रेड काढणारच असतो.

लॉक कधी करावं? विषयाचा निर्णय झाला आणि पुढची उत्तरं त्याच त्याच वळणावर फिरत असतील तेव्हा. किंवा विषय जनरल बॉडीच्या विषयपत्रिकेवर घेतला असेल तेव्हा. किंवा थ्रेडमध्ये कोणाचा फोन नंबर, आजारपण, थकबाकीची रक्कम असलं खासगी काही येऊ लागलं की ताबडतोब.

सावधान: तक्रार कमिटीविरुद्ध असेल तर कमिटीने थ्रेड लॉक करू नये. नियमात बसत असलं तरी. उत्तर द्यावं, तारीख द्यावी, आणि थ्रेड आपोआप थंड होऊ द्यावा. असा थ्रेड लॉक केला तर पुढच्या वार्षिक सभेत पहिली पंधरा मिनिटं त्यावरच जातात, हे मी लिहून देतो.

आणखी एक गैरसमज. काही कमिट्यांना वाटतं की ईमेलवर ‘बहुमत’ दिसलं, आता थ्रेड लॉक केला की ठराव झाला. तसं होत नाही. ठराव सभेतच होतो. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सहकारी सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, वार्षिक सभेची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी आणि विशेष सभेची पूर्ण ५ दिवस आधी जायला हवी, आणि वार्षिक सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत. ईमेलच्या थ्रेडवर सभेची तयारी होते, सभा होत नाही. बंद करतानाच्या मेलमध्ये ‘निर्णय’ हा शब्द वापरताना हे डोक्यात असू द्या.

## टप्पा २: किल्ली कोणाकडे आहे ते पाहा

गूगल ग्रुप्समध्ये ओनर, मॅनेजर आणि मेंबर अशा तीन पायऱ्या असतात. थ्रेड लॉक करायचा अधिकार सेटिंग्जमधल्या ‘मजकुराचं मॉडरेशन कोण करू शकतं’ या परवानगीतून मिळतो. साधारणपणे तो ओनर आणि मॅनेजरकडे असतो.

इथे एक मेख आहे. त्याच एका परवानगीत अडकलेले मेल मंजूर करणं, थ्रेड वर पिन करणं आणि दुसऱ्यांचे मेल काढून टाकणं हेही येतं. म्हणजे “तेवढं लॉक करायला” म्हणून उत्साही कार्यकर्त्याला मॅनेजर केलंत, तर त्याला सगळ्यांचे मेल उडवायचीही मुभा मिळाली. माणूस बघून द्या.

दुसरी मेख मालकीची. पुण्यातल्या कित्येक सोसायट्यांचे ग्रुप दहा-बारा वर्षांपूर्वी तेव्हाच्या सेक्रेटरीने स्वतःच्या जीमेलवरून उघडलेले आहेत. कमिट्या बदलल्या, ते गृहस्थ फ्लॅट विकून मुलाकडे परदेशात गेले, ओनर मात्र अजून तेच. मग लॉक करायची वेळ येते तेव्हा ‘बटणच दिसत नाही’ अशी ओरड होते. बटण दिसत नाही कारण तुम्ही मेंबर आहात.

तपासा: ग्रुपच्या मेंबर यादीत ओनर किती आहेत ते मोजा. एकच असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी दुसरा ओनर करून घ्या. शक्यतो सोसायटीच्या नावाचं एक स्वतंत्र खातं काढा आणि त्याचा पासवर्ड बंद पाकिटात दप्तराबरोबर ठेवा, म्हणजे कमिटी बदलताना पाकीट हातात देता येईल.

गूगल ग्रुप्सचं वेगळं मोबाइल ॲप नाही. फोनवरून करायचं तर ब्राउझरमधून. पण हे काम फोनवरून, रिक्षात बसून करू नका. कॉम्प्युटरवर बसा.

## टप्पा ३: दोन खाती घेऊन चाचणी

बटण कधी दाबलंच नसेल तर पहिल्यांदा खऱ्या भांडणावर दाबू नका. आणि चाचणी खऱ्या ग्रुपवरही करू नका. मी केली होती. विषय होता ‘चाचणी, कृपया उत्तर देऊ नये’. त्याला अकरा उत्तरं आली. एकाने विचारलं होतं, “कसली चाचणी? मला कळवलं नव्हतं.”

एक छोटा ग्रुप नवा काढा. त्यात तुम्ही ओनर, आणि तुमचंच दुसरं खातं किंवा घरातल्या कोणाचं तरी खातं मेंबर. मग या क्रमाने:

१. मेंबरच्या खात्यावरून एक मेल टाका आणि ओनरच्या खात्यावरून त्याला उत्तर द्या. दुसरं खातं लागतंच, कारण ग्रुपला पाठवलेला स्वतःचा मेल जीमेल आपल्या इनबॉक्समध्ये दाखवत नाही, तो फक्त ‘सेंट’मध्ये राहतो. हे माहीत नसल्यामुळे लोक “माझा मेल गेलाच नाही” म्हणत तोच मेल तीनदा पाठवतात.

२. ओनर म्हणून ग्रुपच्या पानावर तो थ्रेड उघडा आणि लॉक करा. वरच्या पट्टीत किंवा तीन टिंबांच्या यादीत पर्याय सापडेल.

३. मेंबरच्या खात्यातून ग्रुपच्या पानावर उत्तर द्यायचा प्रयत्न करा.

४. मग त्याच खात्याच्या जीमेलमधून, जुन्या मेलवर ‘रिप्लाय’ दाबून उत्तर पाठवा. काय होतं ते लिहून ठेवा. नाकारल्याचा मेल परत आला का? किती वेळात? तो स्पॅममध्ये तर गेला नाही? त्यात कारण कळण्यासारखं लिहिलंय का?

५. पुन्हा उत्तर द्या, या वेळी विषयात एक शब्द बदलून. नवा थ्रेड झाला का ते पाहा.

६. आता ओनरच्या खात्यावरून लॉक केलेल्या थ्रेडला उत्तर देऊन पाहा. तुम्हालाही लिहिता येत नसेल, तर शेवटचा मेल कुलपाआधीच टाकायला हवा हे पक्कं झालं. लिहिता येत असेल तरीही तो आधीच टाका. बाकीच्यांची तोंडं बांधून आपण बोलत राहणं फार वाईट दिसतं.

चौथ्या पायरीत आढळलेलं नीट लक्षात ठेवा. सभासद ‘माझा मेल कुठे गेला’ असं विचारतील तेव्हा तेच सांगायचं आहे.

ग्रुप्स डॉट आयओवर असाल तर तिथेही एकेक थ्रेड लॉक करता येतो, शिवाय एखाद्या हॅशटॅगखालचे थ्रेड लॉक किंवा मॉडरेट करायची सोय आहे. एखाद्या संस्थेच्या सर्व्हरवर जुनं मेलमन (ईमेल ग्रुप चालवायचं सॉफ्टवेअर) असेल तर थ्रेडचं कुलूप असा प्रकार नाही. तिथे विषयाच्या ओळीवर नियम लावून तेवढे मेल अडवून ठेवायचे, किंवा अगदीच आगडोंब असेल तर आणीबाणीचं मॉडरेशन चालू करायचं. त्यात ग्रुपवरचा प्रत्येक मेल अडतो, पाणी जाणार असल्याची सूचनासुद्धा.

## टप्पा ४: आधी दुसरं दार उघडा

सगळ्यांत जास्त वेळ इथे घालवा. लोक चिडतात ते कुलपामुळे कमी आणि पुढे कुठे बोलायचं हे कळलं नाही म्हणून जास्त.

पहिलं काम: पुढच्या बोलण्यासाठी नवा थ्रेड काढा. त्याला नेमकं नाव द्या. ‘टँकर’ नको, ‘टँकर हिशेब: प्रश्न आणि उत्तरं’ असं. ग्रुपच्या पानावर तो पिन करा म्हणजे वर राहील. पहिला मेल तुमचा, त्यात एक तारीख: कोण, काय, कधीपर्यंत सांगणार. विषय सभेत न्यायचा असेल तर नवा थ्रेड नको, सभेची तारीख आणि लेखी सूचना कोणाकडे द्यायच्या एवढं पुरे.

दुसरं काम: जुना थ्रेड पहिल्यापासून वाचा आणि मुद्दे काढा. माणसं नव्हे, मुद्दे. ४७ मेलांमध्ये सहसा चार-पाचच मुद्दे असतात. आमच्या त्या थ्रेडमध्ये तीन निघाले. बाकीचे मेल “सहमत”, “अगदी बरोबर”, हात जोडलेली चित्रं, आणि ‘बी’ विंगमधल्या दोघांचं पार्किंगचं जुनं भांडण.

तिसरं काम: समारोपाचा मेल. नंतर आम्ही तोच थ्रेड नीट बंद केला तेव्हा पाठवलेला मेल असा होता:

> नमस्कार,
>
> टँकर बिलावरचा हा थ्रेड आज संध्याकाळी ७ वाजता बंद करत आहोत. आतापर्यंत आलेले मुद्दे:
>
> १) जानेवारीत ३८ आणि फेब्रुवारीत ६१ टँकर आले, या वाढीचं कारण काय?
> २) प्रत्येक टँकरची पावती गेटवरच्या वहीत नोंदली जाते का?
> ३) विंगनुसार पाण्याचे मीटर बसवावेत, अशी सूचना.
>
> पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं खजिनदार १५ तारखेपर्यंत ‘टँकर हिशेब: प्रश्न आणि उत्तरं’ या थ्रेडवर देतील. तिसरा मुद्दा पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घेतला आहे. आपला मुद्दा यात सुटला असेल तर ७ च्या आत इथेच कळवावं. त्यानंतर या थ्रेडवर उत्तर जाणार नाही, कृपया नव्या थ्रेडवर लिहावं.

यात आभार नाहीत, उपदेश नाही, ‘काही सभासदांमुळे’ नाही. पुणेरी पाटी लावायचा मोह होतो, मला माहीत आहे. ‘ज्यांना वाचता येतं त्यांनी वरचे मेल वाचावेत’ असं मीही एकदा लिहिलं होतं. त्यावर नवा थ्रेड निघाला आणि तो मूळ थ्रेडपेक्षा लांब गेला.

नेहमीची चूक: समारोपाचा मेल पाठवताना विषयात ‘[बंद]’ असं जोडणं. वर सांगितलं तसं, विषय बदलला की साखळी तुटते. तुमचा समारोप नव्या थ्रेडमध्ये एकटा जाऊन पडतो आणि लॉक झालेल्या थ्रेडमध्ये शेवटचा शब्द राहतो तो कोणाच्या तरी शिवीचा. विषयाला हात न लावता, थ्रेडमधल्या शेवटच्या मेललाच उत्तर द्या.

आधी कागदावर उतरवलेली सीसीमधली नावं आता काढा. समारोपाच्या मेलमधून ते वैयक्तिक पत्ते खोडा, फक्त ग्रुपचा पत्ता ठेवा. पुढचा माणूस तुमच्या मेलला ‘रिप्लाय ऑल’ करेल तेव्हा निदान तो फाटा तरी बंद असेल. ग्रुपबाहेरचं कोणी त्यात असेल, उदाहरणार्थ टँकरवाला किंवा ऑडिटर, तर त्यांना वेगळं कळवा.

## टप्पा ५: रांग रिकामी करा, मग कुलूप

समारोपाचा मेल आणि कुलूप यांच्यात किमान तीन-चार तास जाऊ द्या. डायजेस्ट घेणाऱ्यांना मेल उशिरा मिळतो, दिवसातून एकदाच सारांश घेणाऱ्यांना आणखी उशिरा. विषय नाजूक असेल तर आदल्या संध्याकाळी समारोप, दुसऱ्या संध्याकाळी कुलूप. खासगी माहितीचा मामला असेल तर मात्र ही मुदत विसरा, आधी कुलूप घाला आणि समारोप नव्या थ्रेडवर टाका.

वेळ कोणती? तुम्ही पुढचे दोन तास जागे आणि मोकळे असाल ती. रात्री साडेअकराला लॉक करून झोपण्याचा परिणाम सुरुवातीला सांगितलाच आहे.

कुलपाच्या आधी अडकलेल्या मेलांची रांग उघडा. नवे सभासद किंवा मॉडरेशनवर टाकलेले सभासद यांचे मेल तिथे मंजुरीची वाट बघत असतात. मुदतीत आलेला पण तुम्ही न पाहिलेला मेल कुलपामागे अडकला, तर त्या माणसाच्या मते तुम्ही तो मुद्दाम दाबला. मंजूर करा किंवा कारण देऊन नाकारा, पण रांग शून्यावर आणा.

मग थ्रेडचं पान ताजं करा. शेवटचा मेल तुमचाच आहे ना? मुदतीत कोणी नवा मुद्दा दिला असेल तर दोन ओळींत “चौथा मुद्दा नोंदवला” असं उत्तर द्या. आता लॉक करा. पान पुन्हा ताजं करून कुलपाची खूण दिसते का बघा.

सावधान: ‘लॉक’च्या आसपासच ‘डिलीट’ असतं. दोन्ही एकच समजून थ्रेडच उडवणारे मी दोघे पाहिले आहेत. डिलीट केल्याने ग्रुपच्या पानावरचं काढलं जातं, लोकांच्या इनबॉक्समधल्या प्रती राहतातच. म्हणजे पुरावा सगळ्यांकडे आहे, फक्त सोसायटीकडे नाही.

## टप्पा ६: पहिला दिवस

पहिल्या चोवीस तासांत तीन गोष्टी घडतील.

कोणाचा तरी मेल परत येईल आणि ते तुम्हाला फोन करतील. त्यांना द्यायचं उत्तर आधीच लिहून तयार ठेवा: “काका, तो थ्रेड काल सातला बंद झाला. तुमचा मजकूर नव्या थ्रेडवर टाकाल का? नाहीतर मला पाठवा, मी तुमच्या नावाने टाकतो.” हा शेवटचा प्रस्ताव फार उपयोगी पडतो. त्यांचं म्हणणं पुढे जाणार आहे एवढं कळलं की माणूस शांत होतो. मजकूर टाकताना मात्र एक शब्दही बदलू नका.

काही मेल कुलपाआधी लिहिलेले पण नंतर पोचलेले असतील. फोनला रेंज नसली की मेल आउटबॉक्समध्ये पडून राहतो. ताम्हिणीत अडकलेला सभासद घरी आल्यावर त्याचा मेल निघतो. अशांना ‘मुदत संपली’ म्हणू नका. मेलवरची लिहिल्याची वेळ पाहा आणि मुद्दा नव्या थ्रेडवर घ्या.

आणि कोणीतरी तोच विषय घेऊन नवा थ्रेड काढेलच. त्याला लगेच लॉक करणं ही सर्वांत मोठी चूक. मग तुम्ही थ्रेडच्या मागे आणि ते पुढे, असा खेळ सुरू होतो. आधी एका ओळीत नव्या थ्रेडचा दुवा द्या. एक दिवस थांबा. बहुतेक जण वळतात. तरी चालू राहिला तर त्याच पद्धतीने, मुद्दे टिपून, बंद करा. अमुक दिवसांत अमुक थ्रेड बंद, असा नियम करायचा असेल तर तो ग्रुपच्या वर्णनात आधी लिहा, भांडणाच्या मधोमध काढू नका.

एक तांत्रिक गोष्ट, नाहीतर विनाकारण आरोप होतात. जीमेल एका चर्चेत १०० मेल झाले की पुढचे मेल वेगळ्या गठ्ठ्यात दाखवायला लागतं. लांबलेल्या थ्रेडचा दुसरा गठ्ठा बघून लोक म्हणतात, “कोणीतरी नवा थ्रेड काढला.” काढलेला नसतो. ग्रुपचं पान उघडून खात्री करा.

## टप्पा ७: उघडायची वेळ

चूक झाली असेल, किंवा नवी माहिती आली असेल, तर कुलूप काढता येतं, लावलं त्याच जागेवरून. पण मधल्या काळात नाकारलेले मेल आपोआप आत येत नाहीत. ते ज्याचे त्याला पुन्हा पाठवावे लागतात. म्हणून उघडल्याबरोबर त्याच थ्रेडमध्ये एक मेल टाका: कधी उघडला, का उघडला, आणि परत आलेला मेल पुन्हा पाठवावा. हे न सांगता गुपचूप उघडलं तर ज्यांचे मेल परत गेले होते ते गप्प राहतात आणि नशीबवान दोघंतिघंच बोलत बसतात.

महिन्याहून जुना थ्रेड मी उघडत नाही. नवा काढतो आणि पहिल्या मेलमध्ये जुन्याचा दुवा देतो. जुना उघडला की त्याखालचे सगळे राग नव्याने इनबॉक्समध्ये वर येतात, आणि पार्किंगवाले दोघे तिथे वाट बघत असतातच.

शेवटी एक वही. कमिटीच्या दप्तरात एका पानावर चार रकाने आखा: थ्रेडचं नाव, बंद केल्याची तारीख आणि वेळ, कोणी केला, पुढचा विषय कुठे नेला. आमच्या पानावर आतापर्यंत नऊ नोंदी आहेत. पहिल्या नोंदीत वेळ ११.३० रात्री लिहिली आहे आणि चौथा रकाना कोरा आहे.